रमजानचा हिशेब शाबानात

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांची एक छोटी हदीस, म्हणजे परंपरेनं जपलेलं कथन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गेल्या रमजानचे राहिलेले रोजे (उपवास) शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, येईपर्यंत आपल्याला पूर्ण करता येत नसत, असं त्या सांगतात. ज्या घरात कुरआन उतरत होतं, त्या घरातली ही गोष्ट. रमजान तोंडावर आला की तिथे आधी मागची बाकी फेडली जायची.

आज शाबान लागला की रमजानच्या फजिलतीवर (थोरवीवर) बयानं सुरू होतात, शुभेच्छांची चित्रं फोनवर फिरू लागतात, सामानाच्या याद्या होतात. यामागची ओढ अगदी खरी असते. अकरा महिने ज्याची वाट पाहिली तो महिना जवळ आला म्हटल्यावर मन भरून येणारच. पण ती ओढ पहिल्या आठवड्यातच दमून जाऊ नये, असं वाटत असेल तर तिच्या पाठीशी हिशेब हवा. किती रोजे बाकी आहेत, कोणती गोळी किती वाजता, जकात (सक्तीचं वार्षिक दान) किती आणि कुणाला, स्वयंपाकघरात कोण किती वेळ उभं राहणार, या प्रश्नांची उत्तरं चांद दिसायच्या आत कागदावर उतरलेली असली पाहिजेत. आणि ती शोधायचा भार एकेकट्या माणसावर टाकून चालणार नाही. मशिदीनं, डॉक्टरांनी आणि घरातल्या पुरुषांनी तो उचलायला हवा.

सुरुवात कजा रोज्यांपासून. आजारपणात, प्रवासात, पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात सुटलेले रोजे नंतर ठेवायचे असतात, हे लहान मुलालाही माहीत असतं. अडतं ते मोजणीपाशी. दर रमजानात सहा रोजे सुटले आणि ते ठेवायचे राहून गेले, तर दहा वर्षांत साठ होतात. बाळंतपणाचा एखादा अख्खा महिना त्यात मिळवला तर नव्वद. आकडा एवढा फुगला की माणूस त्याच्याकडे बघायचंच सोडून देतो, आणि मग ही बाकी आयुष्यभर मनात टोचत राहते. उपाय साधा आहे. एक वही घ्यायची, वर्षवार आकडे लिहायचे, नक्की आठवत नसेल तर थोडा जास्तीचा अंदाज धरायचा, आणि दर आठवड्याला सोमवार किंवा गुरुवार असा एक दिवस बांधून घ्यायचा. आठवड्याला एक म्हटलं तरी रमजान सोडून वर्षाला पंचेचाळीसच्या वर रोजे होतात. हिवाळ्यातले दिवस लहान असतात, तेव्हा आठवड्याला दोन सहज जमतात. ईदचे दोन दिवस आणि जिलहिजची ११, १२ व १३ तारीख एवढे पाच दिवस मात्र रोजा ठेवता येत नाही. कजा पुढच्या रमजानच्याही पलीकडे गेली, तर हनफी मतानुसार फक्त रोजा ठेवायचा. शाफई, मालिकी आणि हंबली मतानुसार सबळ कारण नसताना उशीर केला असेल तर रोज्यासोबत प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचं जेवणही द्यावं लागतं. या चार विचारशाखांपैकी आपला मसलक कोणता आणि त्यात काय करायचं, हे इमामांना आत्ताच विचारून घेतलेलं बरं.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. कजाची सर्वांत मोठी बाकी बायकांकडे असते, आणि जुम्याचा खुतबा (शुक्रवारचं प्रवचन) ऐकायला बऱ्याच मशिदींत फक्त पुरुष असतात. जिला ऐकायची गरज आहे तिच्यापर्यंत आवाज पोचतच नाही, आणि घरी येऊन हा विषय काढायला पुरुष लाजतात. पाळीमुळे सुटलेल्या रोज्यात लाजण्यासारखं काय आहे? शरियतनं त्या दिवसांत रोजा ठेवायलाच मना केलं आहे. तरीही कित्येक घरांत मुली त्या दिवसांत भावांच्या नजरेआड चोरून पाणी पितात. ही लाज धर्मानं दिलेली नाही, आपण वाढवलेली आहे. ती कमी करायची सुरुवात मशिदीच्या एका छापील कागदापासूनही होऊ शकते.

आता आजाराकडे वळतो, कारण चूक झाली तर जिवावर बेतते ती इथे. कुरआनाच्या दुसऱ्या सुरेतल्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे, आणि अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अडचण इच्छित नाही, असं स्पष्ट सांगितलं आहे. एवढं असूनही मधुमेह असलेली माणसं डॉक्टरांना न सांगता रोजे ठेवतात. २००१ साली १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा एक मोठा अभ्यास झाला. टाइप २ मधुमेहाच्या दर १० रुग्णांमागे जवळजवळ ८ जणांनी रमजानात निदान १५ रोजे ठेवले होते. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण त्या महिन्यात टाइप १ मध्ये ४.७ पट आणि टाइप २ मध्ये ७.५ पट झालं होतं. तेव्हा लोक रोजे ठेवणारच, हे धरून चालायचं आणि त्यांना सुरक्षित कसं ठेवता येईल एवढंच बघायचं.

मधुमेह आणि रमजान यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की तपासणी रमजानच्या ६ ते ८ आठवडे आधी व्हावी. म्हणजे शाबानच्या आधीच्या रजब महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात गेलं तर गोळ्या बदलून त्या अंगी लागतायत का, हे पाहायला वेळच उरत नाही. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन दिवसातून तीनदा घेणाऱ्याची दुपारची मात्रा बहुतेक वेळा इफ्तारच्या (संध्याकाळी रोजा सोडतानाच्या) मात्रेत मिळवता येते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या रिकाम्या पोटीही साखर खाली ओढत राहतात, म्हणून त्या बदलाव्या किंवा कमी कराव्या लागतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा उन्हाळ्यातल्या लांब रोज्यात त्यांचा वेगळा विचार करावा लागतो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी लागते, मग ती सेहरीच्या (पहाटेच्या जेवणाच्या) अर्धा तास आधी घ्यायची की इफ्तारनंतर काही तासांनी, हे ठरवून घ्यायला हवं. फिटच्या गोळ्यांची वेळ मनानं हलवायची नसते. यातलं काहीही शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून करू नये. ज्यानं औषध दिलं त्यानंच ते बदलायचं.

एक प्रसंग जवळून पाहू. मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजला, पन्नास मिनिटं आहेत. घरात भांड्यांचे आवाज येतायत, मुलं घड्याळाकडे बघतायत. एक गृहस्थ खुर्चीत बसलेत, कपाळावर गार घाम, बोटं थरथरतायत. यंत्रावर ६४ असा आकडा येतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, आता थोडाच तर वेळ राहिलाय, जरा कड काढा. हे वाक्य ऐकायला मायेचं वाटतं, पण त्या क्षणी ते माणसाला बेशुद्धीकडे ढकलत असतं. नियम असा की साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर पाच मिनिटं राहिली असली तरी रोजा तिथेच सोडायचा. साखर कमी असेल तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट चार चमचे, साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यायची. यासाठी बोटाला सुई टोचल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुसंख्य उलेमांचं मत आहे. पण ते लोकांपर्यंत पोचलेलं नसल्यानं तपासणीच टाळली जाते.

माणसं हट्टानं रोजा ओढतात त्यामागे आणखी एक भीती असते, कफ्फाऱ्याची, म्हणजे प्रायश्चित्ताची. सलग ६० रोज्यांचा कफ्फारा हा काही कारण नसताना जाणूनबुजून रोजा मोडण्यासाठी आहे. आजारामुळे सोडलेल्या रोज्यामागे फक्त एक कजा लागते. बरं होण्याची आशाच नसेल, किंवा वय झाल्यामुळे रोजा झेपतच नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिद्या. इथे उलटी चूकही होते. ताप आला म्हणून चार रोजे सुटले, फिद्या देऊन टाकला आणि हिशेब मिटला असं समजलं. पण तो मिटत नाही. बरा झालेल्या माणसाला रोजेच ठेवावे लागतात, त्याच्यासाठी फिद्या नाही.

डॉक्टरांचीही यात एक चूक आहे, आणि ती मोठी आहे. ‘रोजा ठेवायचा नाही’ एवढं एकच वाक्य सुनावलं की रुग्ण मान हलवतो, बाहेर पडतो आणि पुढचा महिना सगळं लपवून करतो. त्यापेक्षा रजबमध्ये आलेल्या प्रत्येक मुस्लिम रुग्णाला डॉक्टरांनी आपणहून विचारावं की यंदा तुमचा विचार काय आहे. ज्याला खरोखर ठेवता येणार नाही, त्याला तसं कारणासकट सांगावं. ज्याला जमण्यासारखं आहे, त्याला गोळ्यांच्या नव्या वेळा लिहून द्याव्यात. मशिदीनं दुसऱ्या बाजूनं तेच म्हणावं. जीव धोक्यात घालून ठेवलेल्या रोज्याची मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या जागेवरून) वाहवा होता कामा नये.

स्वयंपाकघराबद्दल बोललं की पटकन उत्तर येतं की रोजेदाराला खाऊ घालण्यात मोठा सवाब (पुण्य) आहे. आहेच. मग तो सवाब घरातल्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला का? सेहरीला ती सगळ्यांच्या एक तास आधी उठते. दुपारी जरा पाठ टेकावी तर असरच्या (दुपार उलटल्यावरच्या नमाजच्या) आधीच इफ्तारची तयारी सुरू करावी लागते. अजान होते तेव्हा बाकीचे खजूर तोंडात घालतात आणि ती गॅस बंद करत असते. मगरिबनंतर जेवण, जेवणानंतर भांडी. पुरुष तासाभराच्या तरावीहला (रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजला) निघून जातात आणि ती ओट्यापाशी उभीच राहते. ज्या महिन्याची तिनंही वर्षभर वाट पाहिली, त्यात तिच्या वाट्याला कुरआनाची किती पानं येतात? पैगंबर (स.) घरी काय करत असत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असं उत्तर त्यांनी दिलं. सुन्नतची यादी करताना ही सुन्नत आपण सोयीनं गाळतो.

यावर शाबानातच करायचं काम असं. घरातली सगळी कामं एका कागदावर लिहून काढायची, प्रत्येक कामापुढे नाव टाकायचं आणि त्यात पुरुषांची व मोठ्या मुलांची नावं असलीच पाहिजेत. सेहरी मांडणं, दस्तरखान घालणं-उचलणं, भांडी, कचरा, दुसऱ्या दिवशीचं निवडणं-चिरणं ही कामं शिकायला कुणाला वर्ष लागत नाही. इफ्तार दोन टप्प्यांत ठेवला तर निम्मं ओझं आपोआप उतरतं. आधी खजूर, पाणी आणि एखादं फळ, मग मगरिबची नमाज, आणि त्यानंतर एकच साधं जेवण. खजूर नसेल तर पाणी, अशीच हदीस आहे, तिच्यात पंधरा पदार्थांचं ताट कुठेही नाही. तळलेलं आणि खारट खाऊन तरावीहला उभं राहिलेला माणूस पेंगतो, त्याला रात्रभर तहान लागते आणि सेहरीला त्याची भूक मेलेली असते. आठवड्यातून दोन-तीनदा दुप्पट रांधून निम्मं गोठवून ठेवायचं. ईदचे कपडे, चपला, भेटवस्तू ही खरेदी शाबानातच संपवायची. हे फार महत्त्वाचं आहे, कारण शब-ए-कद्र, म्हणजे रमजानातली सर्वांत पवित्र रात्र, शेवटच्या दहा दिवसांतल्या २१, २३, २५, २७, २९ या विषम रात्रींत शोधायची असते, आणि नेमक्या त्याच रात्री घरंच्या घरं बाजारात असतात.

जकातीचा हिशेब अंदाजानं होतो, ही दुसरी जुनी खोड. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, सोन्यात ८७.४८ ग्रॅम किंवा चांदीत ६१२.३६ ग्रॅम धरला जातो. निसाबाइतकी किंवा त्याहून जास्त मालमत्ता एक चांद्रवर्ष हाती राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे २.५ टक्के. मोजायचं काय? रोकड, बँकेतली शिल्लक, मुदत ठेवी, शेअर, परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी, आणि दुकानातला विक्रीचा माल आजच्या विक्रीभावानं. राहतं घर, वापरातली गाडी, कामाची अवजारं यात येत नाहीत. लगेच फेडायचं देणं वजा करायचं. सगळं मिळून पाच लाख भरलं आणि एक लाख देणं असेल तर चार लाखांवर दहा हजार, इतकं ते सरळ आहे. चुकतं ते नेहमी ठरलेल्या जागी. उसने दिलेले पैसे विसरले जातात, माल खरेदीच्या भावानं धरला जातो, आणि अंगावरच्या दागिन्यांबाबत दरवर्षी सोयीचा मसलक घेतला जातो. हनफी मतात वापरातल्या दागिन्यांवरही जकात आहे, इतर अनेकांच्या मते नाही. एकदा काय ते ठरवावं आणि मग त्यालाच धरून राहावं.

जकात रमजानातच द्यायची असाही समज पक्का झाला आहे. ज्याचं वर्ष सफरमध्ये पुरं होतं, त्यानं ती रमजानपर्यंत अडवून ठेवणं म्हणजे दुसऱ्याचा हक्क सहा महिने खिशात ठेवणं. आधी देणं मात्र चालतं. रमजानच्या सवाबाची ओढ असेल तरी निदान काही हिस्सा शाबानात पोचवावा. जकात सत्ताविसाव्या रात्री हातात पडली तर त्या घराच्या सव्वीस सेहऱ्या होऊन गेलेल्या असतात. फित्रा, म्हणजे ईदच्या आधीचं दान, वेगळा. तो घरातल्या तान्ह्या बाळासकट माणशी एक साअ, म्हणजे सुमारे अडीच ते तीन किलो धान्य किंवा खजूर. हनफी मतानुसार गहू असेल तर अर्धा साअ. तो ईदच्या नमाजआधी पोचलाच पाहिजे, नंतर दिला तर तो साधा सदका (ऐच्छिक दान) ठरतो.

वेळापत्रकाबद्दल थोडं. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना सुबह सादिक (खरी पहाट) मानायची, यावर फज्रची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, वेळ ठरते. कुणी १८ अंश धरतं, कुणी १५. एका अंशाला निदान चार मिनिटं लागतात, म्हणजे दोन कागदांत बारा मिनिटांचा किंवा त्याहून जास्त फरक पडतो. मशिदीनं आपण कोणता अंश धरला आहे ते कागदावर छापावं. अजान संपेपर्यंत खात राहायची सवय घातक आहे. अजान सेहरी संपून गेल्याची खूण असते. मुअज्जिननं सावधगिरी म्हणून पाच मिनिटं उशिरा अजान दिली, तर तोपर्यंत खाणाऱ्याचा रोजाच होत नाही. मागच्या वर्षीचा कागद तर अजिबात वापरू नये. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल.

शरीराच्या तयारीला दोन आठवडे पुरतात. दिवसाला चार-पाच कप चहा-कॉफी घेणाऱ्यानं दर तीन दिवसांनी एक कप कमी करत यावं आणि उरलेला कप संध्याकाळकडे न्यावा. एकदम सोडलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि ते आठवडाभरही छळू शकतं. पहिल्या रोज्यांची डोकेदुखी भुकेची वाटते, पण पुष्कळदा ती याचीच असते. पाणी इफ्तार ते सेहरी थोडं थोडं पीत राहायचं. शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर रिचवलं तर ते तासाभरात लघवीवाटे निघून जातं. झोप दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. कुरआन महिन्याभरात पुरं करायचं असेल तर ६०४ पानांच्या प्रतीत एक पारा (कुरआनाच्या तीस भागांपैकी एक) जवळपास २० पानांचा, म्हणजे प्रत्येक फर्ज नमाजनंतर चार पानं. शाबानात रोज दोन पानांनी सुरुवात केली की जिभेला वळण लागतं.

यावर आक्षेप येईल की रमजान इबादतीचा महिना आहे, त्याला आकड्यांत कशाला अडकवायचं, नियत साफ असली की पुरे. नियत तर हवीच, तिच्याशिवाय रोजाच नाही. पण पाच वेळची नमाज सूर्यावर बेतलेली, जकात वजनावर, रोजा पहाटेच्या रेघेवर आणि महिना चांदवर. हा दीनच मोजून मापून दिलेला आहे. आकडे आधी मिटवले की रमजानात त्यांची आठवणही काढावी लागत नाही, आणि मन मोकळं राहतं ते नेमकं इबादतीसाठी.

म्हणून मशिदीच्या समित्यांकडे एक सरळ मागणी. शाबानात चार जुमे येतात, कधी पाच. पहिल्या जुम्याला कजा, दुसऱ्याला आजार आणि सूट, तिसऱ्याला जकात, चौथ्याला घरकामाची वाटणी आणि वेळापत्रक, असे विषय बांधून घ्यावेत. प्रत्येक जुम्याला त्या विषयाचा एक पानी कागद बाहेर पडताना हातात द्यावा आणि तो घरातल्या बायकांपर्यंत पोचवायला सांगावं. दुसऱ्या जुम्यानंतर एखाद्या डॉक्टरला तासभर बसवावं, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवून. रजबमध्ये तपासणी करून घ्या, ही घोषणा त्याच्याही आधी व्हायला हवी. याला खर्च फारसा नाही, लागते ती फक्त इच्छा.

घरातला कागद मात्र २८ शाबानच्या रात्रीच भिंतीवर लागलेला असावा. वर गोळ्यांच्या वेळा, त्याखाली कामांची वाटणी, कोपऱ्यात जकात कुणाकुणाला पोचली याच्या खुणा. मधुमेह असलेल्याच्या डब्यात चाचणीच्या पट्ट्या मोजून ठेवलेल्या, दिवसाला चारच्या हिशेबानं १२०. कारण दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, मगरिबनंतर सगळे पश्चिमेकडे बघत उभे असतील. ढग आले किंवा चांद दिसला नाही तर शाबानचे ३० पुरे होतील आणि एक दिवस पदरात पडेल. दिसला तर त्याच रात्री इशाच्या नमाजनंतर पहिल्या तरावीहच्या सफा (रांगा) लागतील, आणि तेव्हा कुणाला काही शोधायला वेळ नसेल.